पेपरातला श्रीपाद

डिसेंबर लागला की नरहर ढोक यांना हिंदीत स्वप्नं पडत.

एरवी त्यांची स्वप्नं मराठीच असत. आर्वीचं घर, आईची हाक, रेल्वेच्या वर्कशॉपचा भोंगा. डिसेंबरात मात्र नदी यायची. बसंतर. नदीवर टिपूर चांदणं. चांदण्यात श्रीपाद उभा. तो खणखणीत आवाजात म्हणायचा, "नरहर, तू आगे बढ़, मेरी चिंता मत कर. भारत माता की जय." मग पान गळावं तसा तो अलगद खाली यायचा. नरहर जागे होत तेव्हा गाल ओले असत आणि रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या गल्लीत दूधवाला घंटी वाजवत असे.

स्वप्न देखणं होतं. ते आपलं आहे की पेपरचं, एवढंच त्यांना आता सांगता येत नव्हतं.

एकाहत्तरच्या लढाईत ते सुरुंग काढणाऱ्या तुकडीत होते. रणगाड्यांसाठी सुरुंगांतून वाट करायची आणि वाटेच्या कडेनं पांढरी फीत अंथरत जायचं. श्रीपाद शेजारी होता. गोळा पडला. श्रीपाद गेला, नरहर राहिले. पुढे फौज सुटली, रायपूरला रेल्वेत नोकरी लागली, विनोदिनीबाईंशी लग्न झालं.

पेपर ती लढाई कशी आठवतात, हे त्यांनी इथेच बसून पाहिलं. ते रायपूरला आले त्या पहिल्या वर्षी कोपऱ्यात चार ओळी आल्या. त्यात मोठी नावं होती, शिपायाचं एकही नव्हतं. मग कितीतरी वर्षं सोळा डिसेंबरला, विजयाच्या तारखेला, साखरेचे भाव आणि सिनेमाच्या जाहिरातीच असत. पंचवीस वर्षं झाली तेव्हा कुणाला तरी आठवलं आणि एक पत्रकार घरी आला.

"आपके साथी ने आखिर में कुछ तो कहा होगा?" त्यानं विचारलं.

नरहरनी त्याच्यापुढे चहा सरकवला. दुसऱ्या दिवशी छापून आलं की साथीनं जयजयकार केला.

"खरंच असा म्हणाला होता काय हो तो?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"असंल. पेपरात आहे तर."

आपल्या घरी चहा पिऊन गेलेल्या माणसाला खोटं पाडायचं त्यांच्या जिवावर आलं. कारगिलनंतर दरवर्षी कुणी ना कुणी येऊ लागलं. येणारा मागच्या वर्षीचं कात्रण घेऊन यायचा. नरहर त्यातलंच सांगायचे. तो लिहून घ्यायचा आणि आपल्याकडून चिमूटभर घालायचा. एकानं चंद्र घातला. एकानं श्रीपादचं डोकं नरहरच्या मांडीवर ठेवलं. पुढच्या वर्षी नरहर चंद्रासकट, मांडीसकट सांगायचे. आरती म्हणावी तसं. तोंड चालू असतं, मन कुठे तरी दुसरीकडेच. पन्नासाव्या वर्षी अख्खं रंगीत पान निघालं.

आणि त्या पानाखाली श्रीपाद दडपला गेला. त्याचा चेहरा आठवायला जावं तर पेपरातलं चित्र पुढे यायचं. नरहरना तो एकदा परत हवा होता, स्वतः जायच्या आधी. हे त्यांनी विनोदिनीबाईंनाही सांगितलं नव्हतं.

यंदा पेपरकडून विहंग आला. पोरगा रायपूरच्याच तात्यापारा मोहल्ल्यातला, घरी मराठी ऐकून वाढलेला, पण उत्तर हिंदीतच द्यायचा. अंगणात मऊ ऊन होतं. विनोदिनीबाई मटार सोलत होत्या.

"काका, बस वही वाला सुना दीजिए. पेज तो बन गया है."

"बनलं तर मग मले काहून तरास देऊन राहिला?"

"आवाज चाहिए ना. वीडियो के लिए."

त्यानं मोबाईल सरळ धरला, तेवढ्यात फाटक वाजलं. एक म्हातारी आत आली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी.

"ढोक इथंच राह्यतेत का? मी भीमाबाई. श्रीपादची बहीण."

शंकर नगरात तिची नात दिलेली होती. नातीनं मोबाईलवर मागची बातमी दाखवली तेव्हा भावाचं नाव दिसलं. पत्ता विचारत विचारत ती ऑटोनं आली होती.

विहंगचा चेहरा उजळला. "आजी, आप यहाँ बैठिए. काका के बाजू में."

नरहरनी सुरुवात केली. नदी आली, चांदणं आलं, मांडी आली. भीमाबाई मान खाली घालून ऐकत होती. शेवटचं वाक्य आलं तशी तिनं मान वर केली.

"भाऊ, हे सारं थो एका दमात बोलला?"

"हो."

"अडकला नाई?"

नरहरनी नकारार्थी मान हलवली.

"थो तर तोतरा होता," भीमाबाई म्हणाली. "नरहर म्हणता म्हणता त्याले दुपार झाली असती."

विनोदिनीबाईंना हसू फुटलं. त्यांनी ते पदरात धरलं.

नरहर हसले नाहीत. त्यांच्या आत कुठे तरी दार ढकलून उघडल्यासारखं झालं आणि थंडी आत आली. चंद्र नव्हताच. धुकं होतं, बुटाला चिकटणारा चिखल होता. धुक्यातून श्रीपाद आला. शब्द अडला की तो डावा डोळा गच्च मिटायचा, मानेची शीर ताठ व्हायची. तुकडी त्याची थट्टा करायची, याला पहाऱ्यावर ठेवू नका, हा 'थांब' म्हणेपर्यंत शत्रू जेवून जाईल. सगळ्यांत मोठ्यानं श्रीपादच हसायचा. हसताना तो कधी अडखळत नसे.

"भीमाताई," नरहर म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला. "मांडीवर नव्हता तो. चिखलात पडला होता. मी जवळ बसलो. तो म, म करत होता. डोळा मिटला होता. मी थांबलो. आमची तशीच सवय होती, त्याचं होईपर्यंत मी थांबायचो."

"मग?"

"मग काही नाही. मी थांबूनच राहिलो."

मटाराचा एक दाणा घरंगळत फरशीवर गेला.

"काय म्हणायचं असंल त्याले?" विनोदिनीबाईंनी हळूच विचारलं.

"काय मालूम," भीमाबाई म्हणाली. तिनं डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "आमच्या घरी त्याचं वाक्य कोनी पुरं नाई करत होतं. मायची ताकीद होती. त्याचं त्याले म्हणू द्या म्हने. भाकरी थंडी झाली तरी आमी बसून राहू."

विहंगनं घसा साफ केला. "काका, एक बार पहले जैसा बोल देते तो..."

"ते वाक्य काढ."

"वही तो हेडिंग है, काका."

"मग मले काढ. त्यालेही काढ. बाकी तुले जे छापायचं ते छाप."

विहंग फाटकापाशी जाऊन फोनवर बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा त्यानं मोबाईल खिशात टाकला. "सर बोल रहे हैं कि देखेंगे," म्हणाला आणि वाकून तिघांच्याही पाया पडून गेला.

सोळा तारखेला पान आलं. लढाई होती, तिरंगा होता, दुसऱ्या कुणा गावच्या म्हाताऱ्या सैनिकाचा फोटो होता. विनोदिनीबाईंनी पेपर उलटासुलटा करून पाहिला.

"अहो, तुमचं नाव कुठंच नाही. श्रीपादचंही नाही."

नरहर चपला शोधत होते. रात्री त्यांना स्वप्न पडलं नव्हतं. नुसती झोप लागली होती, धुक्यासारखी.

"कुठं निघाले?"

"शंकर नगर. भीमाताई उद्या परवा गावी जाईल. श्रीपादला पोहता येत होतं का, असलं बरंच विचारायचं राहून गेलं."