खोक्याचा कोपरा

"हा फोटोच नाहीये," अमेय माझ्या मागे उभा राहून कोणाला तरी फोनवर सांगत होता. "फेक आहे. आयडी आज बंद करतोय."

मी हेडफोन लावून बसले होते. त्यांत काही वाजत नसतं. ते लावले की लोक बोलायला येत नाहीत, एवढाच त्यांचा उपयोग. अमेय आमचा टीम लीड, पुण्याचा. तो ज्या फोटोबद्दल बोलत होता, तो माझ्या स्क्रीनवर होता.

व्हाइटफील्डच्या या ऑफिसात मी दिवसभर दारं बघते. रायडर पार्सल दाराशी ठेवतो आणि पुरावा म्हणून फोटो काढतो. एक टूल ते फोटो तपासतं. फोटो काढलेला नसून कॉम्प्युटरने बनवलेला वाटला, तर फ्लॅग लावतं. वर ग्राहकाची तक्रार असेल, तर रायडरचा आयडी कायमचा बंद. त्याआधी एकदा माणसाने बघायचं असतं. ते माणूस मी. दुपारपर्यंत सगळ्या पायपुसण्या सारख्याच दिसायला लागतात.

हे घर बनशंकरीतलं होतं. फोटो लांबून काढलेला. दार, पुढे रांगोळी, तिच्या उजव्या कडेला खोका. दारावरच्या पाटीवर कन्नड नाव असायला हवं होतं. जी अक्षरं होती ती कुठल्याच भाषेतली नव्हती, नुसती वेटोळी. आणि पार्सल मिळालंच नाही, असं ग्राहकाचं म्हणणं.

नियमाप्रमाणे रायडरला एक फोन करावा लागतो. मला फोन करायला आवडत नाही. आधी चहा घेऊन आले, मग केला.

रायडरचं नाव शामण्णा, वय चौपन्न. मी हिंदीत सुरुवात केली. माझं आडनाव ऐकून ते मराठीवर आले. त्यांचं घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच.

"फोटो इतक्या लांबून का काढलात?"

"रांगोळीवर पाय कसा देऊ हो, अक्का? गेटाकडनंच झूम केलं."

वडिलांच्या वयाचे, आणि मला अक्का म्हणत होते. पण झूम म्हटल्यावर उलगडा झाला. लांबचं नीट दिसलं नाही, की काही फोन फोटोतला तपशील अंदाजाने भरून टाकतात. पाटीवरची अक्षरं त्यांच्या फोनने भरली होती.

"अजून काही सांगायचंय?"

ते हळूच म्हणाले, "ठेवताना खोक्याचा कोपरा स्वल्प लागला. रांगोळी पुसली. त्याचाच राग आला असेल त्या अम्मांना. मी जाऊन माफी मागतो. आयडी तेवढा काढू नका. या वयात मला दुसरीकडं कोण घेतंय?"

फोन ठेवून मी तक्रारीसोबतचा ग्राहकाचा फोटो उघडला. दार रिकामं आहे, हे दाखवायला पाठवलेला. रायडरला तो कधीच दिसत नाही. पाटीवर स्वच्छ कन्नड नाव. रांगोळी तीच. फक्त उजवीकडची एक पाकळी पुसलेली, अगदी काटकोनात.

मी उठून अमेयकडे गेले. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले.

"ओके. पण अक्षरं फोनने बनवलीत," तो म्हणाला. "मग हा फोटो कसा?"

"तुझ्या आयडी कार्डावरचा चेहरापण फोननेच गुळगुळीत केलाय."

"टोमणा? तू?"

"अक्षरं फोनची असतील. खोका तिथे होता. त्याने रांगोळी पुसली आणि तोच फोटोत आलाय."

त्याने पाकळी मोठी करून पाहिली. "मला पटलं. टूलला नाही पटणार. ओव्हरराइड करावं लागेल."

ओव्हरराइड म्हणजे टूलचा निकाल बाजूला ठेवणं. त्याला एका माणसाचं नाव लागतं. पुढे चूक निघाली तर ते नाव अप्रेझलला वाचून दाखवतात. त्यामुळे आमच्या रांगेत ते कोणी वापरत नाही. मीही वापरलं नव्हतं.

शामण्णांचा आयडी सुरूच राहिला. पार्सल कुठे गेलं ते कळलं नाही. ते शोधणारी टीम वेगळी. टूल अजून तसंच आहे, शामण्णांचा फोनही तोच. त्यांचे फोटो अजून फ्लॅग होतात आणि थेट माझ्याकडे येतात. ऑफिसात एकदा तोंड उघडलं की ते काम कायमचं आपलं होतं. त्या दिवशी अमेयने कर्सर रिकाम्या चौकटीत नेऊन ठेवला आणि विचारलं, "कोणाचं नाव टाकू?"

"माझं," मी म्हणाले.