पॉलिश केलेला उतार

मिस्त्रींनी उतारावरचं पायपुसणं टराटरा ओढून काढलं आणि पायानेच पलंगाखाली सारलं. झालं ते एवढंच. पण तीस वर्षांच्या सुतारकामात इतकं वाईट काम त्यांच्या हातून दुसरं झालं नव्हतं, आणि हे त्यांना कळायला पाऊण तास लागला.

उतार कसला, ते आधी सांगायला हवं. मिस्त्रींच्या घरी दोन डॅशहुंड होते. अंग बाकासारखं लांब आणि पाय मात्र माप चुकून अर्ध्यावर कापल्यासारखे. पिल्लं विकणाऱ्या कुणा माणसाने धंदा गुंडाळताना दोघांना शेडमध्येच कोंडून बाहेरून कुलूप ठोकलं होतं. तिथून त्यांना प्राण्यांच्या आश्रयघराने सोडवलं आणि आश्रयघरातून मिस्त्रींच्या बायकोने घरी आणलं. या बायकोला सगळी गल्ली काकू म्हणते, आपणही काकूच म्हणू. मुलगी नोकरीसाठी दूर गेल्यापासून काकूंना बोलायला घरात कुणी नव्हतं. मिस्त्री होते, पण ते लाकडाशी बोलायचे.

नावं मात्र मिस्त्रींनी आपल्या हत्यारांवरून ठेवली. नर जमिनीला पोट घासत सरकायचा, तो रंधा. मादीच्या आवाजाला अशी धार की दाराशी कुणी उभं राहिलं तरी ती कानात घुसायची, म्हणून ती पटाशी.

कुत्री द्यायच्या आधी आश्रयघराच्या ताई घर बघायला आल्या होत्या. त्यांनी पलंगाच्या उंचीवर हात ठेवला आणि मान हलवली. "यांची पाठ म्हणजे काचेचं सामान समजा. उडी नको, जिना नको. पलंगावर घेणार असाल तर उतार करून घ्या. आणि तो खरखरीत हवा."

"ताई," मिस्त्री म्हणाले, "लोक मला लाकूड गुळगुळीत करायला बोलावतात. खरखरीत ते आधीपासून असतंच."

"मग वरून काहीतरी चिकटवा," ताई म्हणाल्या आणि फॉर्मवर काहीतरी लिहून गेल्या.

मिस्त्रींनी उतार केला, पण असा की पलंगाचाच सख्खा भाऊ वाटावा. तीच फळी, तीच कड आणि पॉलिशचे सात हात. रंधाने त्यावर एक पाय ठेवला, पाय आपोआप खाली आला. त्याने पुन्हा ठेवला, पुन्हा आला. मग तो खाली बसून मिस्त्रींकडे बघत राहिला.

"अहो, हा उतार आहे की आरसा?" काकू म्हणाल्या. "तो बिचारा त्यात स्वतःचं नाक बघून घाबरतोय."

"सवय होईल."

"त्याला होईल. तुम्हाला कधी होणार?" असं म्हणून काकूंनी मोरीपुढचं जाडं पायपुसणं धुऊन वाळवलं आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने उतारावर बसवलं. तपकिरी रंगाचं, मधोमध विटलेलं फूल. कुत्री दुसऱ्या मिनिटाला वर. मिस्त्रींचं तोंड मात्र नवरदेवाच्या डोक्यावर घमेलं बघितल्यासारखं झालं.

आता मिस्त्रींचं घर म्हणजे निम्मं दुकान. पुढच्या खोलीत करवत आणि भुसा, मागच्या खोलीत पलंग आणि कपाट, आणि गिऱ्हाईक आलं की तोच नमुना. त्या दिवशी एक जोडपं पलंग बघायला यायचं होतं. काकू कुत्र्यांना घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. मिस्त्रींची नजर पायपुसण्यावर गेली आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. जोडप्याने उतारावरून हात फिरवला, "वा" म्हटलं. मिस्त्रींची छाती फुगली. पाहुण्यांना फळ्या दाखवायला ते पुढच्या खोलीत घेऊन गेले, आणि पायपुसणं डोक्यातून साफ निघून गेलं.

इकडे काकूंनी स्वयंपाकघरातून येऊन दोन्ही कुत्र्यांना उचलून पलंगावर घेतलं आणि जरा आडव्या झाल्या. डोळा लागतोय तोवर दारावरची घंटा वाजली. पार्सल घेऊन येणारा माणूस हा पटाशीचा जन्माचा वैरी. ती रोजच्यासारखी भुंकत उतारावरून धावली. पुढचे पाय निसटले, मागचं अंग आडवं फिरलं आणि ती कडेवरून खाली पडली. एकदाच ओरडली. त्यानंतर भुंकली नाही, हेच मिस्त्रींना पुढच्या खोलीत जास्त ऐकू आलं.

डॉक्टरांनी मागचा पंजा चिमटून बघितला. पंजा हलला नाही. "मणक्यातली गादी सरकलीय. सहा आठवडे छोट्या पिंजऱ्यात. उचलाल तर दोन्ही हातांनी, पाठ सरळ ठेवून. चालेल की नाही, आज सांगत नाही."

घरी येताना पटाशी काकूंच्या मांडीवर होती. काकू म्हणाल्या, "मीच नीट चिकटवलं नव्हतं हो. सुटून पलंगाखाली गेलं पायपुसणं. मी बघितलंसुद्धा नाही."

इथे मिस्त्रींनी बोलायला हवं होतं. वाक्यही फार मोठं नव्हतं. पण रिक्षा खड्ड्यात आदळली, काकूंनी पटाशीला सावरलं, मिस्त्रींनी रिक्षावाल्याला "हळू" म्हटलं, आणि ते वाक्य राहिलं ते राहिलंच. रात्री वाटलं, सकाळी सांगू. सकाळी वाटलं, काल सांगायला हवं होतं, आता कसं सांगायचं? सरस एकदा वाळायला लागला की सांधा हलवता येत नाही, हे मिस्त्रींना दुसऱ्या कुणी शिकवायला नको होतं.

त्यांनी स्वतःच्या हातांनी पिंजरा केला, कडा गोल घासल्या. मागच्या अंगाखाली फडकं धरून पटाशीला बाहेर न्यायचं काम स्वतःकडे घेतलं. काकू कौतुकाने शेजारणीला सांगायच्या, "माझ्या हातून चूक झाली, आणि राबतायत हे. एका शब्दाने बोलले नाहीत मला." मिस्त्री ते ऐकायचे आणि करवत जोरात चालवायचे.

पाचव्या आठवड्यात पंजा हलला. दोन महिन्यांनी पटाशी चालायला लागली. मागचं अंग झोकांड्या खायचं, पण चालायची. त्याच सुमारास ताई पुन्हा घर बघायला आल्या. काकूंनी पाणी दिलं आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "ताई, दोघांना घेऊन जा. माझ्याकडून नाही होत. आज चालतेय, उद्या माझ्या हातून पुन्हा काही झालं तर?"

"अहो काकू—"

"नाही, मी ठरवलंय." काकूंनी दोघांचे पट्टेसुद्धा काढून ठेवले होते.

 मिस्त्री ताईंना उतार दाखवायचं निमित्त करून मागच्या खोलीत घेऊन गेले आणि फळीकडे बघत म्हणाले, "पायपुसणं मी काढलं होतं. गिऱ्हाईक येणार होतं म्हणून."

 ताई हळूच म्हणाल्या, "काकूंना माहीत आहे?"

"नाही."

"आणि हे तुम्ही मला सांगताय?"

"तुम्ही कुत्र्यांना नेऊ नका. एवढंच."

"नेत नाही. पण काकूंना तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही. शब्द द्या."

"दिला. आजच सांगतो."

ताईंनी काकूंची समजूत काढली, कुत्री राहिली. चौथ्या दिवशी ताईंचा फोन आला, "सांगितलंत?" मिस्त्री म्हणाले, "आज सांगतो." महिन्याने पुन्हा आला, तेव्हाही तेच. मग फोन यायचा थांबला.

याला आता सात महिने झाले. रंधा गुबगुबीत झालाय. काकू दोघांना वेळेवर खायला घालतात, नखं बघतात, बोलतात तर अखंड. पण पटाशीला त्या उचलत नाहीत. तेव्हापासून एकदाही नाही. पटाशी खुर्चीपाशी येते, पुढचे दोन पाय काकूंच्या गुडघ्यावर टेकते, आणि काकू दोन्ही हात छातीशी धरतात, चटका बसल्यासारखे.

कालही तसंच झालं. मिस्त्री चौकटीला पॉलिश पेपर मारत होते. काकू आतून ओरडल्या, "अहो, या ना. हिला वर घ्या. मागचे पाय थरथरतायत हिचे."

मिस्त्री हात पुसत आत आले. पटाशी मान वर करून काकूंकडेच बघत होती.

"तूच घे ना," मिस्त्री म्हणाले.

"नको बाई. माझ्या हाताची मला खात्री नाही."

"अगं, ऐक ना... ते पायपुसणं..."

"आता पायपुसण्याचं कशाला काढता? पुन्हा लावणार नाही मी काही. तुम्ही खिळ्यांनी ठोकलंय ते बरं आहे." काकूंनी हात आणखी घट्ट आवळले. "घ्या ना लवकर, पडेल ती."

मिस्त्रींनी एक हात छातीखाली घातला, एक मागे, पाठ सरळ ठेवली आणि पटाशीला उचललं.