आयेचं खातं

वडील गेले तेव्हा मी ट्रेनिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. ते मुंबईला गोदीत फिटर होते. शिमग्याला आणि गणपतीला यायचे, चार दिवस राहायचे, आणि जाताना पुढच्या वेळी काय आणू ते विचारायचे. त्यांच्या फंडाचे पैसे आले ते आयेच्या नावावर. आयेनं शाळेची पायरी कधी चढली नव्हती. एवढी रक्कम घरात ठेवायची नाही, हे काकांनी ठरवलं. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, महाडला कोर्टात कारकून. बाजारपेठेतल्या एका बँकेत त्यांनी आयेच्या नावानं खातं काढून दिलं. त्या वेळी आम्हाला त्यांचा केवढा आधार वाटला होता.

आमचं गाव पोलादपूरच्या अलीकडे, रस्ता सोडून नदीकडे उतरलं की लागायचं. मला नोकरी लागली ती शेजारच्या मोठ्या गावच्या शाळेत, घरून चालत पाऊण तासावर. आयेला पैसे काढायचे असले की मी रजा टाकायची, दोघींनी सडकेपर्यंत चढून जायचं, एस.टी.ची वाट पाहायची. पहिली गाडी भरून आली की थांबायचीच नाही. दुसरी मिळाली तर अकरापर्यंत महाड. बँक अकरा ते दोन.

पण लवकर पोचूनही उपयोग नसायचा. अंगठा उठवणाऱ्या खातेदारानं स्वतः यायला हवं आणि बँकेच्या ओळखीच्या माणसानं त्या अंगठ्याखाली सही करायला हवी, असा नियम होता. ओळखीचा माणूस म्हणजे काका. ते कोर्टातून साहेबांना विचारून निघायचे आणि पावणेदोनच्या सुमाराला, घाम पुसत, घाईघाईनं यायचे. तोवर आये बँकेच्या बाकावर अंग चोरून बसलेली. कोणी आलं की उठून उभी राहायची, जागा द्यायची. मी तिला सांगायचे, "आये, बस गं. तुझेच पैसे आहेत इथे." ती म्हणायची, "बसलेव की."

काका आले की पैसे काढायचा कागद माझ्या हातून घ्यायचे आणि काउंटरशी उभे राहून विचारायचे, "वयनी, किती? आणि कशाला हवेत?"

ते मोठ्यानंच बोलायचे. कोर्टात पुकारा ऐकायची सवय. मागे उभे असलेले दुकानदार, पुढचा कारकून, सगळे ऐकायचे. आये पदर पुढे ओढून खालच्या आवाजात सांगायची, "कौलं आनायची हायत." काका हिशेब करायचे. "एवढी कशाला? जुनी परतून घ्या, निम्मी पुरतील." आणि कागदावर निम्मा आकडा घालायचे. कारकून आयेचा अंगठा शाईच्या गादीवर दाबायचा, कागदावर टेकवायचा, काका खाली सही करायचे. बाहेर आल्यावर ते आम्हाला चहा पाजायचे, स्वतःच्या पैशानं. एका पैचाही घोटाळा त्यांनी कधी केला नाही. म्हणून तर माझ्या रागाला धड जागा सापडत नव्हती.

मग मी बँकेवर रागावले. पासबुकात दर सहा महिन्यांनी एक रुपया वजा झालेला असायचा. एकदा मी हेडक्लार्कना विचारलं, "हा रुपया कशाचा?"

"शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली की आकार पडतो."

"शिल्लक खाली गेली हे आम्हाला कुणी सांगितलं?"

"पासबुकात आहे ना, बाई."

"पण पासबुक भरून मिळतं ते आम्ही आल्यावर. आधी कसं कळणार?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही शिक्षिका ना? मग नियम तुम्हाला मी काय सांगायचे?"

व्याज मिळे त्यातलं काही असं जाई. उरलेलं दोघींच्या एस.टी.च्या भाड्यात आणि माझ्या कापलेल्या रजेत. बँकेत पैसे ठेवून आम्ही बँकेलाच पोसत होतो. मी आयेला म्हणाले, "खातं हलवू या."

"भावजी काय म्हनतील?"

"म्हणू देत."

"तसं नाय बोलायचं गो. त्यांनी काढून दिलंय."

त्याच सुमाराला महाडला एस.टी. स्टँडच्या बाजूला एक नवी बँक निघाली. संध्याकाळीही दोन तास उघडी, शिल्लक कमी झाली तरी आकार नाही, असं शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं. मी एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एकटीच तिथे गेले. पाणी दिलं, खुर्ची दिली. मला वाटलं, झालं काम. मग तिथले मॅनेजर म्हणाले, "आई अंगठा करतात? मग आमच्या ओळखीचा कुणीतरी लागेल. इथला खातेदार असेल तर उत्तम. महाडात तुमचं कोण आहे?"

महाडात आमचे काकाच होते.

परतीच्या गाडीत मी इतकी चिडले होते की तिकीट कुठे ठेवलं तेही मला आठवेना, आणि तिकीट तपासनीस चढल्यावर सगळी पिशवी उलटी करावी लागली.

मधे मी आयेला सही शिकवायलाही बसले. पाटी, पेन्सिल, सगळं. ती नाव लिहायला शिकलीसुद्धा, पण दर वेळी वेगळं. कधी काना लांब, कधी वेलांटी उलटी, कधी आडनावाचं शेवटचं अक्षर जागा संपली म्हणून वर चढवलेलं. हेडक्लार्कनी ते चार नमुने शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाले, "बाई, अंगठाच बरा. तो तरी दर वेळी सारखा येतो." यात ते चूक नव्हते, आणि तेच मला सहन होईना.

शेवटी उत्तर माझ्या शाळेसमोरच होतं. पोस्ट. तिथेही बचत खातं काढता यायचं, आकार काही नाही. व्याज बँकेइतकंच. पोस्टमास्तर वयस्क गृहस्थ होते. मी विचारलं, "आईचा अंगठा चालेल? साक्षीला कोण लागेल?"

"कोण कशाला? बाजाराच्या दिवशी त्या इथून जातात, मी नेहमी बघतो त्यांना. तुमची सही घेऊ साक्षीला. एवढंच, मोठी रक्कम एकदम मागू नका. इथे तेवढी रोकड नसते, वरून मागवावी लागते."

मी धावतच घरी आले. आये भात झोडलेल्या जागी पेंढा गोळा करत होती. मी सगळं सांगितलं: आकार नाही, भाडं नाही, रजा नाही, काका नाहीत. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "बगू."

हे 'बगू' दहा महिने चाललं. मी विषय काढला की ती म्हणायची शिमगा होऊ दे, मग म्हणायची लावणी होऊ दे. काकांना ती घाबरत नव्हती. पण दीर मनाला लावून घेईल याचं तिला फार वाटे. मी एकदा ओरडलेच, "मला रजा मिळत नाहीत, तुझे पैसे जातात, आणि तुला काकांच्या मनाचं पडलंय!" त्या दिवशी तिनं मला भाकरीवर तूप जरा जास्तच घातलं आणि माझा राग आणखी वाढला.

आयेचे वरचे दात तोवर जवळजवळ सगळे गेले होते. मिश्रीनं गेले, असं शेजारणी म्हणत. ती भाकरी दुधात कुस्करून खायची आणि हसताना तोंडावर हात धरायची. मला वाटायचं तिला त्याचं काही नाही. भाद्रपदात एका बुधवारी ती अचानक म्हणाली, "उद्या म्हाडला जाऊ. बँकेत."

गाडीत मी विचारलं, "किती काढायचेत? कशाला?"

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. तिकडेच बघत म्हणाली, "तू पन इचार."

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. मग पुढची सीट रिकामी झाल्यावर तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. दर गुरुवारी मुंबईहून दातांचा एक डॉक्टर महाडला येतो, कवळी करून देतो, शेजारच्या वाडीतल्या बाईनं केली, आयेलाही करायची होती. सांगताना तिचे कान लाल झाले होते.

काका त्या दिवशी नेहमीपेक्षा उशिरा आले. दोनला दहा मिनिटं होती. बँकेत गर्दी होती, कोर्टातले त्यांच्या ओळखीचे दोघे वकीलही उभे होते. काकांनी कागद घेतला.

"हं वयनी, किती?"

आयेनं आकडा सांगितला.

"एवढे? कशाला?"

आयेनं पदर पुढे ओढला. काकांना वाटलं ऐकू आलं नाही, त्यांनी आवाज चढवला. "कशाला हवेत एवढे?"

वकिलांनी मान वळवली. मी पुढे झाले, काहीतरी खोटं सांगायचं म्हणून तोंड उघडलं, पण आयेनं माझा हात दाबला.

"भावजी," ती म्हणाली, "सगळे काढायचे."

"सगळे म्हणजे?"

"सगळे म्हंजे सगळे. हितं हायत तेवढे."

हेडक्लार्क म्हणाले, "सगळे काढलेत तर खातं बंद होईल, बाई."

"होऊं दे."

काकांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गोंधळ होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हे माझंच काम असणार असं. त्यात थोडं खरं होतं, पण त्या क्षणी मीही त्यांच्याइतकीच चकित झाले होते. कारकुनानं नवा कागद दिला. काकांनी आकडा घातला, या वेळी पुरा. आयेनं अंगठा उठवला. खाली सही करायला काकांनी पेन टेकवला आणि क्षणभर थांबले. मला वाटलं, नाही करत. त्यांनी केली. टोपी नीट केली आणि कोर्टाला उशीर होतोय म्हणून निघून गेले. त्या दिवशी चहा झाला नाही.

खातं बंद करण्याचेही बँकेनं पैसे कापले. मी हेडक्लार्कशी भांडले, दार लावायची वेळ झाली तरी भांडले. ते म्हणाले, "नियम आहे." आये म्हणाली, "चल गो, डाक्टर जायचा."

डॉक्टरनं तोंड तपासलं, आगाऊ रक्कम घेतली, पुढच्या गुरुवारी उरलेले दात काढायला बोलावलं. बाकीचे पैसे आयेनं पोटाशी बांधले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत जाताना तिला पोस्टात घेऊन गेले. नवं पासबुक तिनं दोन्ही हातांत धरून घरी नेलं.

पुढच्या रविवारी काका आले. ओटीवर बसले, पाणी प्यायले. मी आत होते, पण सगळं ऐकू येत होतं.

"वयनी, मी तुमचा एक पैसा खाल्ला का?"

"नाय. कदीच नाय."

"मग लोकांसमोर असं का केलंत? कोर्टात विचारतात मला."

आये म्हणाली, "भावजी, तुमी इचारत होता."

"काळजीनं विचारत होतो. दादा असता तर त्यानंही विचारलं असतं."

"त्ये इचारायचे, काय आनू. कशाला हवं, असं नाय इचारलं कदी."

काका चहा पिऊन गेले. त्या वर्षीच्या शिमग्याला आले नाहीत. पुढच्या वर्षी आले, पुरणपोळी घेऊन, काकूंनाही घेऊन. बँकेचं नाव कुणी काढलं नाही. आयेच्या तोंडात तेव्हा कवळी होती. ती बोलताना टकटक वाजायची आणि जेवताना ती काढून ठेवावी लागायची, कारण हिरड्यांना टोचायची. एवढे पैसे घालून टोचायचीच होती तर, असं मी म्हणायचे. आये काकूंना तोंडावर हात न धरता हसून दाखवत होती.

पोस्टानं सगळं सोपं केलं असं मात्र नाही. व्याज चढवायला पासबुक वरच्या कचेरीत जायचं आणि महिना महिना यायचं नाही. एकदा गाय घ्यायची होती, तर पैसे मागवून येईपर्यंत ती गाय दुसऱ्यानं नेली. मी पोस्टमास्तरांवर चिडायचे. माझी गणितं पुन्हा सुरू व्हायची: महाडच्या नव्या बँकेत आज काय मिळालं असतं, किती वाचलं असतं. आये म्हणायची, "नको आता पुन्ना हलवू."

मग ते पोस्टमास्तर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक तरुण माणूस आला. त्याच सुमाराला माझी बदली दूरच्या शाळेत झाली होती. मी शनिवारीच घरी यायचे. आये पैसे काढायला गेली, तर तो म्हणाला, "आजी, मी तुम्हाला ओळखत नाही. ओळखीचं कुणीतरी आणा."

मला कळलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात रजा काढते, मी येते सहीला."

"नको. मी करतेव वळख," ती म्हणाली.

सोमवारी घरचं आवरून ती पोस्टात गेली आणि बाहेरच्या बाकावर बसली. आल्या-गेल्याशी बोलली, दुपारी परत आली. मंगळवारी पुन्हा. त्यानं विचारलं, "आजी, काम काय?" ती म्हणाली, "काय नाय. तुमी मला बगा." बुधवारी तिनं घरच्या दोन काकड्या नेल्या, त्यानं घेतल्या नाहीत, त्या तिनं बाकावर बसून स्वतःच खाल्ल्या, कवळी पदरात ठेवून. गुरुवारी गावातल्या दोघी-तिघींनी येता-जाता तिला नावानं हाक मारली. शुक्रवारी तो खिडकीतून म्हणाला, "आजी, या आत. पुरे झालं, ओळखलं."

समोरच्या शाळेतल्या एका शिक्षकाची साक्ष घेऊन त्यानं तिला पैसे दिले. शनिवारी मी घरी आले तर ती नोटा मोजत नव्हती, दारात बसून तांदूळ निवडत होती. कशाला काढलेस, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.