न सुजलेला गुडघा

टाचेला धरून मी पाय उचलला आणि गुडघा उलट्या बाजूला वाकला.

पाय सरळ केला की गुडघा एका जागी थांबतो. तुमचा, माझा, सगळ्यांचा. हा थांबला नाही. टाच माझ्या हातात वर आली आणि गुडघा मागच्या मागे खचला. कापडी बाहुलीचा पाय उचलावा तसा. माझ्या हातून तो निसटता निसटता राहिला.

पेशंट मात्र हसत होता. "दुखत नाय हो, डॉक्टरीणबाय. पट्टी बांधा आणि सोडा माका. हय लोकांची डोकी फुटलीहत."

ते खरं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. त्या दिवशी हरताळ होता आणि सकाळीच लालबागला लाठीमार झाला होता. परळच्या आमच्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी भरून वाहत होती. फुटलेली डोकी, मोडलेली मनगटं, रक्तानं भिजलेले सदरे. मी तेव्हा हाडांच्या युनिटमध्ये हाउस सर्जन होते. म्हणजे नुकतीच डिग्री घेतलेली, वॉर्डातच राहणारी आणि सगळ्यांची बोलणी खाणारी डॉक्टर. त्या गर्दीत न सुजलेल्या गुडघ्याकडे कोण बघणार? सिस्टरनी त्याला भिंतीकडेच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. त्याची पाळी आली तेव्हा तो लेडी डॉक्टर बघून लाजला. धोतर मांडीवर ओढून घट्ट धरून बसला. मला जवळजवळ दरडावावं लागलं.

गणपत राऊळ त्याचं नाव. पंचविशीचा, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारा, लालबागच्या चाळीत भाऊ-भावजयीकडे राहणारा. अंगानं दणकट. कुस्ती हाच त्याचा नाद.

त्याला हातगाडीवर घालून आणणारा माणूस शेजारीच उभा होता. सदाशिव जाधव. पायजमा-शर्टात होता, पण केसांच्या कटावरून ओळखू आलं. पोलीस. नायगावच्या पोलीस लाइनीत राहायचा. दोघं एकाच तालमीत जायचे.

"काय झालं?" मी विचारलं.

"माझ्या हातून झालं, बाई," जाधव म्हणाला. "डाव दाखवत होतो."

जाधवची ड्युटी काही काळ गोदीत होती. तिथं त्याची एका खलाशाशी ओळख झाली. तो खलाशी जपानला जाऊन ज्युजुत्सू नावाची तिकडची कुस्ती शिकून आलेला. त्यानं जाधवला पायाचा एक डाव शिकवला. समोरच्याचा पाय आपल्या दोन मांड्यांमध्ये अडकवायचा. त्याचं पाऊल काखेत घ्यायचं, टाच कोपराच्या खोबणीत पकडायची आणि अंग वळवून ती फिरवायची. बस. ताकद फारशी लागत नाही.

"त्याला सांगितलं होतं, सहन नाही झालं तर मातीवर थाप मार, मी सोडतो. त्यानं मारलीच नाही."

"दुखलाच नाय तर थाप कशाक मारू?" गणपत म्हणाला. "जरासा ताण बसलो. मी म्हटलं, सुटतंय आता. उलट्या बाजूक जोर लावलंय. आणि मगे आवाज इलो."

"कसला आवाज?"

उत्तर जाधवनं दिलं. "ओला बांबू मोडावा तसा."

इथं दोन गोष्टी सांगायला हव्यात. आपल्या कुस्तीत पाठ मातीला लागली की हार. आपण होऊन शरण जाणं त्यात नाही. त्यामुळे थाप मारून सुटायचं हे गणपतच्या अंगातच नव्हतं. दुसरी गोष्ट गुडघ्याची. गुडघा बिजागरीसारखा आहे. पुढे-मागे हलायला बनवलेला, पिळायला नाही. चार मजबूत दोऱ्या त्याला धरून ठेवतात, त्यांना आम्ही लिगामेंट म्हणतो. कोपर उलटं वाकवलं तर ते आधी ओरडतं, माणूस वेळेत सोडवून घेतो. टाच धरून पाय पिळला की गुडघा तशी सूचना देत नाही. ताण जाणवतो आणि लगेच दोरी तुटलेली असते. गणपत ज्या बाजूला सुटायला वळला, त्या वळण्यानं उरलेल्या दोऱ्याही गेल्या.

गुडघा जागेवरून सरकला होता. तालमीतल्या वस्तादांनी पाय ओढला, खट् झालं, सांधा जागी बसला. तेल चोळलं, फडकं बांधलं. सगळ्यांना हायसं वाटलं. सूज नाही म्हणजे काही मोडलं नाही, असं समजून गणपत तिथंच आडवा पडून राहिला. पुढं पाऊल बधिर व्हायला लागलं तेव्हा जाधव घाबरला. हरताळामुळे बस नाही, टॅक्सी नाही. म्हणून हातगाडी.

सूज का नव्हती, ते त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं. सांध्याभोवती एक पिशवी असते. ती शाबूत असेल तर रक्त आत साचून गुडघा फुगतो. इथं पिशवीच फाटली होती. रक्त खाली पोटरीत उतरत होतं.

मी पावलावर बोटं ठेवली. तिथं वरच्या बाजूला एक नाडी लागते. नव्हती. घोट्याच्या आतल्या बाजूला दुसरी असते. तीही नव्हती. दुसरं पाऊल चाचपलं, ते ऊबदार होतं. हे गार, मेणासारखं पांढरं.

"बोटं वर उचल."

"उचललंय की," गणपत म्हणाला.

बोटं जागची हलली नव्हती. त्यानं मान उचलून पाहिलं. तेव्हा पहिल्यांदा त्याचं हसू गेलं.

मी थिएटरकडे पळाले. आमचे ऑनररी, म्हणजे युनिटचे मुख्य सर्जन, एका मोडलेल्या मांडीवर काम करत होते. त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो.

"सर, कॅज्युअल्टीत एक गुडघा आहे."

"थांबू दे. गुडघ्यानं कोणी मरत नाही."

"सर, पावलात नाडी नाही."

त्यांचे हात थांबले. "कधी लागलंय?"

"सकाळच्या तालमीत."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. दुपार व्हायला आली होती. रक्ताशिवाय पाय पाच-सहा तास तग धरतो. पुढं भरवसा नसतो.

"पुढच्या टेबलावर घे. आत्ता."

मी परत आले तर गणपतच्या स्ट्रेचरभोवती पंधरा-वीस माणसं. चाळीतली मंडळी येऊन पोचली होती, काहींच्या डोक्याला आमच्याच पट्ट्या. पुढं गणपतची भावजय. तिनं जाधवला ओळखलं होतं.

"ह्याच पोलिसान मोडल्यान माझ्या दिराचो पाय! सकाळपासून मारतत आमच्या लोकांका, आता हय येऊन उभो रवलो!"

एकानं जाधवची कॉलर धरली. दुसऱ्यानं कॅज्युअल्टीतलं स्टूल उचललं. जाधव हललासुद्धा नाही. मी ओरडले, पण त्या गलक्यात माझा आवाज कोण ऐकणार! खरं सांगते, माणूस माझ्यासमोर मारला जाणार असं मला वाटलं.

गणपत हातांवर जोर देऊन उठून बसला.

"वयनी! कोणी मारूक नाय माका. आखाड्यात झाला. माझीच चूक. सोडा त्येका!"

"तू त्येका वाचवतस!"

"तुझ्या पायाची शपथ घेऊन सांगतंय. सदानच माका हय आणल्यान. हातगाडी एकट्यान ओढल्यान. सोड म्हणून सांग त्येंका!"

स्टूल खाली आलं. कॉलर सुटली. चाळीतला एक पुढारी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "डॉक्टर, लाठीमारात झालं असं लिहिलंत तर आमच्या कामी येईल."

"पेशंटनं सांगितलं तेच लिहिणार," मी म्हटलं आणि स्ट्रेचर ढकलायला सांगितलं.

गुडघ्याच्या मागं सरांनी चीर दिली तेव्हा मी समोर उभी होते. गुडघ्यामागून पोटरीकडे एकच मोठी रक्तवाहिनी जाते. ती वर-खाली पक्की बांधलेली असते, त्यामुळे गुडघा सरकला की तिला सरकायला जागा नसते. बाहेरून ती अखंड दिसत होती. क्षणभर मला वाटलं, वाचलो. सरांनी ती उघडली. आतलं अस्तर फाटून गुंडाळलं गेलं होतं आणि त्यावर रक्ताची गुठळी. नळी बंद.

"परदेशात लढाईतल्या जखमींवर करतात असं," सर म्हणाले. "मी एकदा पाहिलंय. केलेलं नाही."

खराब झालेला तुकडा कापून त्यांनी दुसऱ्या पायातल्या शिरेचा तुकडा तिथं जोडला. चिमटे काढले. आम्ही सगळे त्या पावलाकडे बघत होतो. हळूहळू ते गुलाबी झालं. माझ्या बोटांखाली नाडी लागली. सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी पोटरी दगडासारखी घट्ट झाली. उपाशी राहिलेला स्नायू रक्त परत आल्यावर फुगतो आणि स्वतःच्याच कातडीत गुदमरतो. सरांनी कातडी उभी उघडून दिली. आतला स्नायू करडा पडला होता. चिमट्यानं दाबला तरी आकसत नव्हता. त्यानंतर ताप चढला, लघवी लाल झाली, बोटं काळी पडली. मेलेल्या स्नायूचं विष रक्तात उतरत होतं; आता प्रश्न पायाचा राहिला नव्हता, जिवाचा होता.

पाय काढावा लागेल, हे सांगायचं काम सरांनी माझ्यावर टाकलं. गणपतनं सगळं ऐकून घेतलं.

"वयनीक सांगितलात?"

"नाही अजून."

"तिका तुमी सांगा. सदाक नको. त्येका मी सांगतंय."

जाधव रोज यायचा. त्या हरताळाच्या दिवशी त्याला बंदोबस्ताला हजर व्हायचं होतं. तो हॉस्पिटलातच राहिला, म्हणून सस्पेंड झाला होता. गणपतनं त्याला खाटेजवळ बोलावलं. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. मी पाहिलं ते एवढंच, की तो सहा फुटी माणूस वॉर्डाच्या फरशीवर मटकन बसला आणि गणपत खाटेवरून त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा प्रयत्न करत होता. हात पुरत नव्हता.

मांडीच्या खालच्या टोकातून पाय काढावा लागला. गणपत जगला. लाकडी पायावर साचे चालवता येईनात, म्हणून गिरणीनं त्याला कापड तपासायच्या खात्यात बसवलं. जाधव नोकरीवर परत रुजू झाला. पुढं कधीतरी दादरला भेटला, तेव्हा म्हणाला की गणपत अजून तालमीत जातो, खुर्चीवर बसून पोरांना डाव सांगतो. जाधव स्वतः मात्र मातीत उतरत नव्हता.

मी पुढं पुष्कळ हाडं जोडली. त्यानंतर एकही गुडघा मी आधी पावलाची नाडी पाहिल्याशिवाय तपासला नाही. सुजलेला असो, नसो.

आता माझी नव्वदी जवळ आली. ब्राझिलियन जिऊ-जित्सू नावाचा, त्याच ज्युजुत्सूतून निघालेला प्रकार आपल्याकडे आला आहे. आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी त्याच्या क्लासला जाते. पायाचे डाव शिकवायला लागले म्हणून कौतुकानं सांगायला आली. मी तिला हे सगळं सांगितलं.

"मग आजी, थाप मारून टॅप करायचं तरी कधी?"

"टाच पकडली गेली की," मी म्हटलं. "तेव्हा दुखत नसतं. दुखायला लागेल तेव्हा टॅप करून काही उपयोग नाही."