न उगवलेली तूर

लग्न होऊन केळापूरजवळच्या गावात आले, ते अठ्ठावन्न साल असावं. शेतीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण मिजास भारी. पेरणीला सरता मीही धरणार म्हणून हटून बसले. सरता म्हणजे तिफणीमागे, कपाशी पेरणाऱ्या औतामागे, दोरीनं बांधलेला पोकळ नळा. मागून चालत त्याच्या तोंडात तुरीचे दाणे सोडायचे. आमच्या गावात तो मान बंजारा तांड्यावरच्या याडीचा. याडी म्हणजे आई, सगळं गाव तिला तेच म्हणायचं. तिच्या हाताला यश आहे असं मानून घरोघरी तिलाच बोलवत, आणि पेरणीच्या दिवसांत त्याच बोलावण्यांवर तिचं घर चालायचं. त्या दिवशी सकाळी तिनं पेरलं, दुपारनंतर मी.

आठ-दहा दिवसांनी कपाशी छान वर आली, पण तुरीच्या तीन ओळींत अर्ध्या-अर्ध्या लांबीचे खाडे. मामाजी, म्हणजे माझे सासरे, असे भडकले म्हणता! तिफण हाकणाऱ्या सालगड्यानं ती वरवर हाकली, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. "उद्यापासून येऊ नको," म्हणाले. भर हंगामात काढलेल्या गड्याला दुसरं कोण ठेवणार? तो अंगणात मान खाली घालून उभा. मी दाराआड. एका ओळीत माझ्या हातचा नळा मातीनं बुजला होता, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं. तोंडाशी साचलेले दाणे मी गुपचूप ओच्यात घेतले होते. नवी सून, हसं होईल ना.

तेवढ्यात याडी आली. वावर पाहूनच आली होती.

"पाटील, त्याले काहून बोलता? नळा बुजलता. मी झाडून पुढं गेली, वाटलं हातभर जागा सुटली असंन. त्या दोन ओळी माह्या."

"आन् तिसरी?"

"ती माही नाही."

तिसरी कुणाची, हे तिला चांगलंच ठाऊक होतं; सरता तिनंच माझ्या हाती दिला होता. पण दाराकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. भीती काही गेली नव्हती, पण तिथं लपून राहणं मला सोसेना. बाहेर येऊन म्हणाले, "मामाजी, ती मी पेरली."

सालगडी राहिला. मामाजी माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. याडीचं मात्र व्हायचं तेच झालं. तिच्या हाताचं यश गेलं म्हणत पुढच्या वर्षी दोनच घरांनी तिला बोलावलं, त्यातलं एक आमचं. बांधावर मी तिला विचारलं, "याडी, तू गप्प राह्यली असती तर कोणाले समजलं असतं? काहून सांगतलं?"

वाटलं, देवाचं, पापाचं काही बोलेल. ती माझ्याकडे बघतच राहिली. "चूक माही होती, तर त्याले कसं जाऊ देऊ?" म्हणाली, आणि नळ्यातली माती काढायला लागली.

त्यानंतर मीही पुष्कळदा खरं बोलले, पण दर वेळी आधी स्वतःशी भांडून. तिला भांडावंच लागलं नव्हतं.