प्लसची वायर बॉडीला

माझ्या वहिनीला मोटारीतलं कळत होतं आणि ते मला सहन होत नव्हतं. उगीच सभ्यपणाचा आव कशाला आणू? जळत होतो मी तिच्यावर.

तिच्या वडिलांचं नगरला बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं. लग्नाआधी तिथं बसून ती सगळं शिकली होती. आमचं गाव घोडेगावच्या फाट्याजवळ. दुष्काळाच्या त्या वर्षांत विहिरी कोरड्या पडल्या, तेव्हा दादाने एक जुनी विलायती मोटार घेतली आणि शनिवारी फाट्यावर उतरणारे भाविक शिंगणापूरला नेऊ-आणू लागला. चालवायचा तो. पण दुरुस्ती माझ्याकडे, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. ट्रॅक्टर खोलले होते मी, विहिरीवरची इंजिनं खोलली होती. आणि ही बाई पदर खोचून बॉनेटमध्ये वाकायची आणि म्हणायची, "भावजी, डायनामोचा पट्टा सैल झालाय." निघायचाही सैलच!

दादा चारचौघांत सांगायचा, "आमच्या गाडीची मिस्त्रीन घरातच हाय." मी तिथंच उभा असायचो. आमची आई मोटारीकडे बघून हात झटकायची, "मला काय कळतंय त्यातलं!" वहिनीने एकदा, फक्त एकदा, असं म्हणावं एवढीच माझी इच्छा होती.

एका शुक्रवारी बॅटरी तिच्या वडिलांच्या दुकानातून चार्ज होऊन आली. एरवी जोडायची वहिनीच. त्या दिवशी दादा शेतावर होता. मी पाना उचलला आणि म्हणालो, "आज मी जोडतो."

"जोडा की. पण या गाडीचं उलटं असतंय, भावजी. प्लसची वायर बॉडीला."

ट्रॅक्टरला मायनस बॉडीला असते, हे मला पाठ होतं. वर, हे सांगणारी ती. ती आत गेल्यावर मी मुद्दाम मायनस बॉडीला जोडली. वायरीचा एक चिमटा बॅटरीच्या जाड खुंटीवर बसेना, तो हातोडीने ठोकला. दुसरा बारीक खुंटीवर ढिला पडला, त्यात पत्र्याची पट्टी कोंबली. वायरी उलट्या लागतायत, हे एवढ्यावरून शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण मला तेव्हा काही कळून घ्यायचंच नव्हतं.

आणि गाडी चालू झाली! हॉर्न वाजला, दिवे लागले. एरवी दिवे लावल्याबरोबर चार्जिंगचा काटा उतरायचा, तो उलट वर चढला. मी खूश. माझ्या हाताला यश आहे, असं वाटून मी वहिनीच्या स्वयंपाकघरासमोर दोनदा हॉर्न वाजवला.

शनिवारी दादा फाट्यावर पोचायच्या आत गाडीतून जळका वास आला आणि ती बंद पडली. बैल लावून घरी ओढून आणावी लागली. भाविक दुसऱ्याच्या जीपमधून गेले. मी फ्यूज बदलला, प्लग घासले, डायनामोचे ब्रश काढून पुसले. वहिनी अंगणात ज्वारी पाखडत होती, बघत होती, आणि मी तिच्याकडे पाठ करून काम करत होतो. दुसऱ्या दिवशी ती पत्र्याची पट्टी हाताला लागली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी गुपचूप वायरी अदलाबदल केल्या. गाडी सुरू झाली, पण डायनामो काही चार्ज करेना.

शेवटी नगरहून मिस्त्री आणला. त्याने डायनामो आणि बॅटरी यांच्यामधलं कटआऊटचं डबडं उघडलं. आतले पॉइंट जळून एकमेकांना चिकटलेले. ते सोडवून घासले आणि उलटा पडलेला डायनामो सुलटा करायला बॅटरीवरून एक वायर आणून डायनामोच्या एका टोकाला क्षणभर टेकवली. ठिणगी उडाली. मग गाडी चालू केली, तर काटा चार्जिंगकडे गेला.

ठोकलेल्या चिमट्यावर बोट ठेवून त्याने विचारलं, "बॅटरी उलटी कोनी जोडली हुती?"

दादाने वहिनीकडे पाहिलं. नेहमी तीच जोडायची ना. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. आई दारात होती, शेजारचे चारजण जमले होते. वहिनी माझ्या बोलण्याची वाट बघत होती. मी पाना पुसत बसलो.

"लई शानपना झाला," दादा वहिनीला म्हणाला. "आजपास्नं बॉनेटला हात लावायचा न्हाई."

ती आत गेली. आता गाडी माझी एकट्याची झाली. मला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला बरंही वाटलं.

तीन महिन्यांनी शनिअमावस्या आली. फाट्यावर माणसं खोळंबलेली, आणि गाडीचा डायनामो पुन्हा चार्ज करेना. कटआऊटचे पॉइंट या वेळी स्वच्छ होते. मिस्त्रीची ती वायर मला आठवत होती, पण ती डायनामोच्या कोणत्या टोकाला टेकवली ते आठवत नव्हतं. चुकीच्या टोकाला लावायची हिंमत होईना. दादा बाहेरून ओरडत होता. मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. वहिनी भाकरी थापत होती.

"वहिनी, ती वायर कोणत्या टोकाला लावायची हो?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"मला काय कळतंय त्यातलं, भावजी."