अक्काच्या लेकीचा रंग

त्या फोटोत लाल रंग नव्हताच. हे कळायला मला बरेच दिवस लागले. खरं तर बघताक्षणीच कळायला हवं होतं, कारण रंग हेच माझं पोट भरायचं काम आहे.

जळगावात पिंप्राळ्याला आमचं घर. पुढच्या खोलीत कूलरसमोर माझं टेबल आणि त्यावर टॅब. त्या टॅबवर मी लहान मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढतो आणि लग्नसराईत पत्रिकेवरचे नवरा-नवरी. उन्हाळ्यात तळहाताचा घाम काचेला लागून रेघ भलतीकडेच पळते, म्हणून जुना मोजा कापून त्याचा हातमोजा केला आहे. पत्रिकेवाल्यांचं मागणं ठरलेलं असतं, 'दादा, नवरी जरा उजळ करा.' करतो. चित्र काढायच्या अ‍ॅपमध्ये रंगाला तीन पट्ट्या असतात. पहिलीने रंग कोणता ते ठरतं, दुसरीने तो भडक की फिका, आणि तिसरीने त्यात उजेड किती. तिसरी पट्टी जराशी उजवीकडे सरकवली की सगळ्या खान्देशातल्या नवऱ्या गोऱ्यापान होतात. यावर मी मित्रांमध्ये खूप विनोद करायचो. आता नाही करत.

फोटो अक्काच्या लेकीचा. अक्का माझी मोठी बहीण, धुळ्याला दिलेली. लग्नानंतर बरीच वर्षं तिच्या घरात पाळणा हलला नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, लोकांचे टोमणे तर बारा महिने होतेच. शेवटी दिवस राहिले आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून आम्ही तिला थंडीच्या सुरुवातीला घेऊन आलो. दिवस पूर्ण भरायच्या आधीच तिला दवाखान्यात न्यावं लागलं. ऑपरेशन झालं, मुलगी झाली, आणि अक्का गुंगीत असतानाच मुलीला लहान मुलांच्या दुसऱ्या दवाखान्यात हलवलं. तिकडची नर्स माझ्या समोरून कापडाचं गाठोडं घेऊन गेली. मला फक्त लोकरीची टोपी दिसली.

तिकडे मुलीला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. अंगात कावीळ चढली म्हणून वर निळे दिवे लावलेले, डोळ्यांवर पट्टी. अक्काला दाखवायला म्हणून मी काचेवर मोबाइल टेकवून एक फोटो काढला. एकच काढला. उद्या चांगला काढू, पट्टी काढतील तेव्हा, असं माझ्या मनात होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी गेली. अक्का अजून पलंगावरून उठलीही नव्हती. तिने लेकीला पाहिलं ते त्या फोटोत, निळंशार.

एवढ्या लहान जिवाला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. बायका जात नाहीत आणि आई तर नाहीच नाही. दाजी म्हणाले, 'माझ्याच्यानं होणार नाही, तुम्हीच घ्या.' रिक्षात ती माझ्या मांडीवर होती. दाजी शेजारी बसून बाहेर बघत होते. एका वळणावर रिक्षा कलली, तोंडावरचं फडकं सरकलं आणि ऊन सरळ तिच्या चेहऱ्यावर पडलं. मी फडकं लगेच ओढायला हवं होतं. मी बघत राहिलो. मातकट रंग होता, राखाडीकडे झुकलेला, कपाळावर काविळीची जराशी पिवळट झाक, ओठांपाशी जांभळट. आणि माझ्या डोक्याने तिथेही तीन पट्ट्या सरकवल्या. पहिली इथे, दुसरी इतकी कमी, तिसरी मध्याच्या थोडी खाली. या सवयीचा मला इतका राग कधीच आला नव्हता. मग मी फडकं वर घेतलं.

अक्काला घरी आणल्यावर जो येईल तो तिची समजूत घालायचा आणि समजुतीचा शब्द सगळ्यांचा एकच, मुलगी गोरीपान होती. आई म्हणायची, शेजारच्या काकू म्हणायच्या, धुळ्याहून सासूबाईंचा फोन आला तर त्याही तेच, आमच्या वळणावर गेली होती, गोरी. यातल्या कुणीही मुलीला पाहिलेलं नव्हतं. अक्का स्वतः सावळी आहे. लहानपणापासून तिने त्यावरून इतकं ऐकलं आहे, की गोरी हा शब्द निघाला की तिचा चेहरा दगड होतो. धुळ्याला परत जाताना तिने मला आतल्या खोलीत बोलावलं.

'भाऊ, बठ्ठा लोक सांगतस गोरी व्हती. मना पोटमा गोरी पोर कशी येई? तू रंगवाला शेस. तूच तिले दिनना उजेडमा दखेल शे. तिनं चित्र काढी दे माले. जशी व्हती तशी.'

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

आकार सोपा होता. फोटोत नाक दिसत होतं, हनुवटी दिसत होती, मुठीतली बोटं दिसत होती. पट्टीखालचे डोळे मिटलेले काढले, म्हणजे ती झोपली आहे असं दिसेल. टोपी, दुपटं, सगळं रंगवून झालं आणि मधोमध चेहऱ्याची जागा कोरी पांढरी राहिली. अ‍ॅपमध्ये एक ड्रॉपर असतो. तो फोटोवर टेकवला की तिथला रंग उचलून देतो. मी तो तिच्या गालावर टेकवला, कपाळावर टेकवला, कानाच्या पाळीवर टेकवला. दर वेळी निळा. निळा कमी करत गेलो तर खाली हिरवट राख उरली. मग लाल, हिरवा, निळा किती याचे आकडे उघडून बघितले तेव्हा लाल जवळजवळ शून्य. त्या दिव्याखाली तिच्या अंगावर लाल उजेड पडलाच नव्हता, मग मोबाइल तो टिपणार कुठून? तिच्या अंगात जे काही लाल होतं, ते त्या फोटोत आलंच नाही.

अक्काला फोन करून म्हटलं, 'काळं-पांढरं करून देतो, फार सुंदर दिसेल.' ती म्हणाली, 'नको. माले तिना रंग पाहिजे.' आणि फोन ठेवला.

मी दाजींच्या फोटोतून रंग उचलला, अक्काच्या फोटोतून उचलला, दोन्ही मिसळले. जे तयार झालं ते बिस्किटासारखं दिसत होतं. पुस्तकातल्या बाळांसाठी माझा एक ठेवणीतला गुलाबी आहे, तो लावून बघितला. ते बाळ छान होतं, पण दुसऱ्याचंच होतं. शेवटी त्या लहान मुलांच्या दवाखान्यात गेलो. तीच नर्स भेटली. तिला मुलगी आठवली, अक्काचं आडनावही आठवलं. रंग विचारल्यावर मात्र ती गोंधळली. 'त्या दिव्याखाली सगळी बाळं सारखीच दिसतात हो भाऊ,' ती म्हणाली, आणि मला पाणी आणून दिलं. मी पायऱ्यांवर बसून ते प्यायलो. त्या मुलीचा जिवंतपणीचा रंग या जगात कुणालाच माहीत नव्हता. मला माहीत होता तो दुसरा होता, आणि तो मी कुणालाही देणार नव्हतो.

आखाजीला अक्का माहेरी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकीबाळींची दिवाळीच; झोके, सांजोऱ्या, गप्पा. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरायची. आईने आमच्या वडिलांची, आबांची घागर मांडली. वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. अक्का दारात उभी राहून बघत होती. तिने हळूच विचारलं, 'तिनी?'

आई तिच्याकडे न बघता म्हणाली, 'जिले दात उनात नही, तिनी घागर नही ऱ्हास.'

आई दुष्ट नाही. दात न आलेल्या बाळाची घागर नसते, हे तिने तिच्या आईकडून ऐकलेलं सांगितलं. जेवण झाल्यावर अक्का सरळ माझ्या खोलीत आली, स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, 'दखाड.'

मी तिला चित्र दाखवलं. टोपी, दुपटं, मुठीतली बोटं आणि पांढरा चेहरा. मला वाटलं ती रडेल. तिने बोट पुढे केलं आणि नाकाच्या रेघेवरून अगदी हलकं फिरवलं. घासलं जाईल अशी तिला भीती वाटत असावी.

'रंग काब्र नही भरा?'

'माले जमत नही, अक्का.'

'मी भरस. कसं करतस ते सांग.'

मी तिला तीन पट्ट्या दाखवल्या. ती लगेच शिकली. एक पट्टी सरकवली की पूर्ण चेहरा बदलतो, हे बघून तिला आधी गंमत वाटली, मग ती गंभीर झाली. पहिल्यांदा तिने खूप लाल केलं. 'अशी व्हती?' माझ्याकडे वळून विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं. मग तिने गुलाबी केलं. 'अशी?' नाही. मग सगळ्यांनी सांगितलेलं गोरेपण करून बघितलं, दुधासारखं. माझ्या नाहीची वाटही न बघता तिने स्वतःच ते पुसलं. कूलर घरघरत होता, बाहेर पोरी झोक्यावर ओरडत होत्या. मला तिथून उठून जायचं होतं. ती दर रंगाला माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी कोणत्याही रंगाला हो म्हणालो असतो तर ती उठली असती. कोणत्याही. पण तिने मला 'जशी व्हती तशी' म्हणून सांगितलं होतं, आणि माझ्या तोंडून हो निघत नव्हतं.

मग ती रंग उतरवायला लागली. दुसरी पट्टी मागे, अजून मागे. तिसरी खाली. तिला सावळेपणाकडे यायचं होतं, तिच्या स्वतःच्या. मला दिसत होतं ती कुठे चालली आहे. मी तिचं बोट धरायला हवं होतं. तिने पहिली पट्टी पिवळ्याकडे किंचित सरकवली आणि रिक्षातला तो चेहरा माझ्या टॅबवर आला.

तोच. मातकट, राखाडीकडे झुकलेला. ओठ तेवढे बाकी होते.

'अशी?' तिने विचारलं आणि माझ्याकडे वळली.

मला नाही म्हणता आलं नाही. माझा चेहरा कसा झाला असेल देव जाणे. तिने तो बघितला, टॅबकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या महिन्यांनी मी माझ्या बहिणीला हसताना पाहिलं. ती रडत होती आणि हसत होती.

'सावळी व्हती,' ती म्हणाली. 'मनावर गयेल व्हती ना, भाऊ?'

'हां, अक्का.'

'माले म्हाइत व्हतं. बठ्ठा खोटं बोलनात.' तिने पदराने टॅबवर पडलेलं पाणी पुसलं. 'आते राहू दे. हात नको लावू.'

ती चहा ठेवायला गेल्यावर मी हात लावलाच. गालावर थोडा लाल चढवला, अगदी दिसेल न दिसेल इतका. ती कप घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, 'लाल जास्त हुई गयं.' माझ्याकडे शिकून तिची नजर माझ्याइतकीच तयार झाली होती. मी तिच्यासमोर तो लाल काढून टाकला. ओठांना थोडा रंग दिला, तेवढं तिने चालवून घेतलं. आणि तसंच छापायला दिलं.

पावसाळा संपता संपता मी धुळ्याला गेलो. एसटीतून उतरलो तेव्हा मनात एकच होतं, की चित्र आतल्या खोलीत असावं, मला दिसू नये. ते बाहेरच्याच खोलीत होतं, दाराच्या समोर, फ्रेम करून. दाजी मला बसा म्हणाले आणि लगेच आत गेले. ते त्या भिंतीकडे पाठ करून बसतात, हे मला नंतर जेवताना दिसलं. त्यांनी रिक्षात बघितलं नव्हतं असं मी धरून चाललो होतो. आम्ही दोघंही त्याबद्दल बोललो नाही आणि बोलणारही नाही.

अक्काचं मात्र वेगळंच. ती सुधारली होती. अंगाने भरली होती, शेजारणींशी गप्पा मारत होती. सासूबाई गोरेपणाचं नाव काढत नाहीत आता, हे तिने मला स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं. आलेल्या प्रत्येकाला ती भिंतीपाशी नेते आणि सांगते, ही माझी, माझ्यावर गेली. लोक बघतात, मान डोलवतात. कुणाला काही कळत नाही, आणि मी आतल्या आत वेडा होतो. कारण मी बदलून दिलं तर तिची लेक तिच्याकडून जाते, आणि ठेवलं तर ती रोज सकाळी उठून त्या रिक्षातल्या चेहऱ्याकडे बघते.

निघताना ती मला दारापाशी थांबवून म्हणाली, 'एक दखाडस तुले.' खिडकी उघडली. ऊन आत आलं. बांगड्या मागे सारून तिने आपलं मनगट त्या चेहऱ्याशेजारी काचेवर टेकवलं. तिचं मनगट तांबूस सावळं होतं, उबदार, आणि कातडीखाली शीर उडत होती. शेजारी तो चेहरा होता.

'जुळस ना?' अक्का म्हणाली.

'हां,' मी म्हणालो. 'जुळस.'